चांदणं नावाचं सॉफ्टवेअर

छातीठोकपणे असं मी आयुष्यात एकदाच बोललो आहे, आणि त्यालाही मसाला दूध जबाबदार होतं असं मला अजून वाटतं.

मोशीला आमच्या आक्काच्या गच्चीवर आम्ही सगळे बसलो होतो. आक्का म्हणजे आक्काबाई, माझी थोरली बहीण. वय एक्क्याऐंशी. तिचं सहस्रचंद्रदर्शन पुढच्या पौर्णिमेला करायचं ठरत होतं. जिथे पूर्वी तिची ज्वारी उभी असायची तिथे आता सहा मजली इमारत आहे, आणि ज्वारीच्या उंचीवर पार्किंग. तिचा मुलगा लक्ष्मणराव जमिनीच्या व्यवहारात असतो. तो मांडव, जेवण, ड्रोन अशी एकेक कामं वाटत होता. माझ्यापाशी आल्यावर म्हणाला, "मामा, तुमी निवांत बसा." मला गेली चाळीस वर्षं हेच काम मिळतं.

तेवढ्यात इंद्रायणीपलीकडच्या टॉवरच्या आडून चंद्र वर आला. मी त्याच्याकडे पाहत राहिलो. पाहता पाहता माझ्या तोंडून निघून गेलं, "आक्काच्या ओव्यांचं पुस्तक मी करतो. पुढच्या पौर्णिमेला तिच्या हातात देतो."

माझी बायको कौशल्या माझ्याकडे अशी पाहू लागली, जणू घरातलं कपाटच बोललं.

"व्हय रं चिमा?" आक्का म्हणाली. "माज्या वव्या हायत अजून?"

तिचा हा प्रश्न तेव्हा मला साधा वाटला. रात्री अंथरुणावर तो कळला.

आक्का जात्यावर बसून गायची तेव्हा मी शेजारी वही घेऊन बसायचो. भोसरीच्या एका कंपनीत मी ड्रॉइंगच्या रेकॉर्ड रूमचा कारकून होतो. म्हणजे यंत्रांच्या नकाशांचा ग्रंथपाल म्हणा. शिफ्ट संपल्यावर साहेबांच्या परवानगीने मी त्या ओव्या तिथल्या संगणकावर टाइप करायचो. दहा वर्षं लागली. अकराशे चाळीस ओव्या झाल्या. मग मी वह्या रद्दीत दिल्या. आता सगळं संगणकात आहे, असं मी कौशल्याला ऐटीत सांगितल्याचंही आठवतं.

जातं आता तुळशीच्या कुंडीखाली आहे. आणि गेल्या दोन वर्षांत आक्काचं आठवणं विरत चाललंय. ती ओवी सुरू करते आणि निम्म्यात थांबते, खिडकीबाहेर बघते, आणि मग विचारते, "जेवलास का?" म्हणजे त्या अकराशे चाळीस ओव्या जगात आता एकाच ठिकाणी होत्या. माझ्या पेनड्राइव्हमध्ये. कंपनीने तो जुना संगणक मोडीत देण्याआधी तेवढं एक शहाणपण मी केलं होतं.

दुसऱ्या दिवशी रहाटणीला घरी येऊन मी पेनड्राइव्ह नव्या संगणकाला लावला. फाइल उघडली. पडद्यावर मुंग्या, विळे, कंस, टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं आणि उद्गारचिन्हं. मी आयुष्यात कधी उद्गारचिन्ह वापरलं नसेल. ती सगळी तिथे साठून राहिली होती!

"हे काय आहे?" कौशल्याने मागून विचारलं.

"ओव्या आहेत."

"कुठल्या देशाच्या?"

झालं होतं असं. मी टाइप करायचो ते सॉफ्टवेअर एका कंपनीचं, बंदिस्त. त्याची अक्षरं त्याची त्यालाच कळायची. शिवाय संगणकाच्या पाठीला अंगठ्याएवढं एक लॉक लावावं लागायचं. ते नसलं की सॉफ्टवेअर उघडायचंच नाही. लॉक त्या जुन्या संगणकाच्या पाठीलाच राहिलं आणि त्याच्याबरोबर मोडीत गेलं. स्वतःच्या लग्नातल्या मुंडावळ्या सांभाळून ठेवणारा मी, लॉक विसरलो.

कोणाला तरी विचारायला हवं होतं. पण विचारणं हा माझा प्रांत नाही. मी दुकानात गेलो तर दुकानदार माझ्याकडे बघेपर्यंत उभा राहतो. एकदा असा उभा राहून मी किराणा बंद होताना घरी परत आलो आहे.

वाचनालयाच्या फळ्यावर मात्र मला एक सूचना दिसली. "मुक्त सॉफ्टवेअर मंडळी. दर रविवारी सकाळी दहा, वाचनालयाची मागची खोली. संगणकाच्या कुठल्याही अडचणीसाठी या." खाली इमेलचा पत्ता होता. मला पत्र लिहिणं जमतं, बोलणं जमत नाही. मी पत्र लिहिलं, चार मसुदे करून. उत्तरात मंडळीचे नियम आले. झेरॉक्सच्या दुकानातून ते छापून आणले. शाई पलीकडून जराशी उमटली होती. हल्लीची शाईच पातळ, असं मनाशी म्हणून मी तो कागद कपाटाच्या दाराला आतून डिंकाने चिकटवला. रोज शर्ट काढताना नजरेखालून जावा म्हणून. नियम म्हटले की मला धाकधूक होते.

पहिला नियम वेळेवर यावं, दुसरा एकमेकांचं ऐकून घ्यावं. तिसरा मात्र ठळक होता. "मंडळीत बंदिस्त सॉफ्टवेअरची शिफारस करू नये, ते कसं वापरावं हे शिकवू नये, आणि त्याची नावं घेत बसू नये." तिथे कागद संपला होता. माझी सगळी अडचण म्हणजे ते एक नावच होतं.

"जाऊ नका मग," कौशल्या म्हणाली.

"आक्काला शब्द दिलाय."

"मग जा आणि सांगून टाका."

"नियमात बसत नाही."

तिने माझ्या शर्टाची घडी माझ्या हातात दिली. ती वादात अशी घडी देते.

रविवारी गेलो. मागच्या खोलीत दहा-बारा जण होते. मंडळीचा प्रमुख धनेश, चाळिशीचा, चाकणला मोटारींच्या सुट्या भागांचे आराखडे करतो. सोमवार ते शनिवार ज्या सॉफ्टवेअरवर तो पोट भरतो त्याचं नाव तो रविवारी तोंडाने घेत नाही, "कंपनीतलं ते" म्हणतो. आमच्या यशोदामामी मामांना आयुष्यभर "घरातले" म्हणत आल्या, तसं. दुसरी उत्कर्षा, आयटीत काम करणारी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत पडद्याकडे पाहू शकणारी मुलगी. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय ते धनेशने मला फार छान समजावलं. "काका, शेजारणीनं वाटीभर आमटी दिली आणि कृतीही सांगितली, ते मुक्त. आमटी दिली आणि म्हणाली, कृती विचारायची नाही, मीठ घालायचं नाही, दुसऱ्याला चव द्यायची नाही, ते बंदिस्त."

मला ते इतकं पटलं की माझी आमटी कुठल्या घरची होती हे सांगणं आणखी अवघड झालं.

मी पेनड्राइव्ह पुढे केला. उत्कर्षाने तो लावला. मुंग्या, विळे, टोप्या आल्या.

"कशात टाइप केलं होतं काका?"

खोलीतले बारा चेहरे माझ्याकडे वळले. मला तिसरा नियम ठळक अक्षरांत दिसू लागला. मी खिडकीबाहेर पाहिलं. मागच्या सोसायटीच्या गच्चीवर कोणीतरी पांढरी चादर वाळत घातली होती. ती वाऱ्याने अशी हलत होती की मला एकदम आक्काची ओवी आठवली, आणि आक्काचा तरुण आवाज, आणि नदीवरची एक जुनी रात्र, आणि मी कुठे बसलोय हेच विसरलो.

"चांदणं," मी म्हणालो.

"काय?"

"चांदणं."

"चांदणं नावाचं सॉफ्टवेअर?" धनेशने विचारलं.

इथे मी 'नाही' म्हणू शकलो असतो. पण 'नाही' म्हटलं की पुढचा प्रश्न 'मग कुठलं?' असणार होता.

"हो," मी म्हणालो.

"मुक्त होतं?"

"मोकळंच होतं तसं."

"कधीचं?"

"चौऱ्याण्णव."

"कुठे मिळालं तुम्हाला?"

"भोसरीत."

धनेश खुर्चीत मागे टेकला. त्याच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मी फक्त नवसाची मुलं झालेल्या बापांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. "चौऱ्याण्णव साली," तो हळूच म्हणाला. "भोसरीत. मराठीत. मुक्त."

"कोणी बनवलं?" उत्कर्षाने विचारलं.

"एका माणसाने."

"नाव?"

"तो फार बोलायचा नाही," मी म्हणालो. हे तरी निदान खरं वाटावं असं होतं.

उत्कर्षाने पेनड्राइव्ह मागितला. चांदण्याची अक्षरं कशी रचली आहेत ते उलगडून ती ओव्या सोडवणार होती. माझा एकमेव पेनड्राइव्ह मी तिच्या हातात ठेवला, आणि बसने घरी येताना ठरवलं की पुढच्या रविवारी सगळं खरं सांगायचं.

पुढच्या रविवारी खोलीत चाळीस माणसं होती.

मंडळीचा निरोपांसाठी एक मुक्त गट आहे, त्यावर सहा जण असतात. आणि चहापुरता म्हणून दुसरा एक गट आहे, ज्या ॲपचं नाव घ्यायचं नाही त्यावर. त्यात तीनशे जण असतात. चांदण्याची बातमी चहाच्या गटावर गेली होती. निगडीहून लोक आले होते. एक निवृत्त प्राध्यापक नाशिक फाट्यावर दोन बस बदलून आले होते आणि माझा हात सोडत नव्हते.

"आम्ही आठ दिवस शोधलं," धनेश सगळ्यांना सांगत होता. "इंटरनेटवर चांदण्याचा मागमूस नाही. ना नाव, ना जाहिरात, ना हक्क राखीव. म्हणजे तो माणूस किती निर्लेप असेल."

"आणि मला एक शंका आहे," उत्कर्षा म्हणाली. ती माझ्याकडे पाहून हसत होती. "फार बोलत नाही. भोसरीत नोकरी. शिफ्ट संपल्यावर संगणकावर बसायचा. काका, तो माणूस तुम्हीच ना?"

"मी? छे, छे."

खोलीत कौतुकाची कुजबुज पसरली.

"खरंच मी नाही," मी म्हणालो. "मला यातलं काही कळत नाही."

"बघा," प्राध्यापक म्हणाले, "ही आपली जुनी पिढी."

मी आणखी तीनदा नाही म्हणालो. प्रत्येक नकारासरशी मी त्यांच्या नजरेत वीतभर उंच होत गेलो. तुम्ही कधी खरं बोलून खोटे ठरला आहात का? तिसऱ्या नकाराला टाळ्या झाल्या. मग सत्काराचा दिवस ठरला. पुढचा रविवार. त्यानंतर दोनच दिवसांनी, मंगळवारी, पौर्णिमा होती.

"पेनड्राइव्ह?" मी उत्कर्षाला जाताना विचारलं.

"सत्काराच्या वेळीच देते काका. ओव्या सोडवून. मी रजा टाकलीय आठ दिवस."

घरी येऊन मी कौशल्याला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. निवडून झाल्यावर म्हणाली, "मला लग्नाआधी तुमच्याबद्दल सांगितलं होतं, मुलगा अगदी साधा आहे, खोटं बोलताच येत नाही."

"मग?"

"येत नाहीच. बघताय ना."

शुक्रवारी धनेशचा निरोप आला. रहाटणीच्या चौकात फ्लेक्स लावतोय, तुमचा फोटो पाठवा. मी फोटो पाठवला नाही. म्हटलं, तेवढं तरी थांबेल. संध्याकाळी कळलं की कौशल्याने पाठवला होता, त्यांना चांगला पाहिजे होता म्हणून.

मी तसाच कासारवाडीला निघालो, फ्लेक्स थांबवायला. स्टेशनजवळ पिंटू आर्ट्स नावाचं दुकान आहे, फ्लेक्स तिथे होत होता. पिंटूशेठ पन्नाशीचे आहेत, पण फ्लेक्सच्या धंद्यात वय वाढलं तरी नाव वाढत नाही. भिंतीवर भाऊ, दादा आणि आप्पा वाढदिवसाचे गॉगल लावून रांगेत उभे होते. मी दारात उभा राहिलो. माझ्या सवयीप्रमाणे.

"या की काका," पिंटूशेठ म्हणाले. "आवो तुमीच की ते! बसा, तुमचंच चाललंय."

मी आत गेलो. पडद्यावर माझा चेहरा होता, पाठीमागे सूर्यकिरणं. खाली लिहिलेलं होतं, "मराठी मुक्त सॉफ्टवेअरचे आद्य जनक चिमाजीकाका यांना मानाचा मुजरा." मी ओरडणार होतो. मी ओरडतो म्हणजे जरा स्पष्ट बोलतो. पण त्याआधी माझी नजर अक्षरांवर गेली. तो 'क्त'चा वळसा, ती 'ठ'ची टपोरी गाठ. अशी अक्षरं दहा वर्षं माझ्या बोटांखालून गेली होती. मी वाकून संगणकाच्या पाठीमागे पाहिलं.

तिथे लॉक होतं. अंगठ्याएवढं, राखाडी.

"पिंटूशेठ," मी म्हणालो, "हे..."

पिंटूशेठनी त्या सॉफ्टवेअरचं नाव घेतलं. मोठ्यांदा, दुकानाच्या दारातून रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं. मी दचकून मागे पाहिलं.

"अजून चालतं?"

"चालतं म्हंजी? निम्मं पिंपरी-चिंचवड यावरच वाढदिवस करतंय, राव."

"यातली जुनी फाइल असेल तर उघडेल?"

"आणा की. दोन मिंटं."

मी त्या स्टुलावर बसून राहिलो. बाहेरून लोणावळा गाडी गेली. पडदा थरथरला, त्यातला मी थरथरलो. मुक्तीच्या जनकाचा फ्लेक्स त्या बंदिस्त सॉफ्टवेअरमध्येच घडत होता, आणि आक्काच्या ओव्या दोन मिनिटांच्या अंतरावर होत्या. फक्त पेनड्राइव्ह उत्कर्षाकडे होता. ठरलं. रविवारी मान खाली घालून शाल घ्यायची, पेनड्राइव्ह घ्यायचा आणि थेट कासारवाडी. कोणाला काही कळणार नाही, कोणाचं मन मोडणार नाही. मला स्वतःचा जरा अभिमानही वाटला.

त्या भरात फ्लेक्स थांबवायला सांगायचं राहून गेलं.

रविवारी वाचनालयाचा मोठा हॉल भरला होता. मला मधल्या खुर्चीवर बसवलं. कौशल्या पहिल्या रांगेत, नारायणपेठ नेसून. लक्ष्मणराव ड्रोनवाल्याला घेऊन आला होता. म्हणाला, मंगळवारची रंगीत तालीम होईल. धनेश अर्धा तास बोलला. मग शाल आली, श्रीफळ आलं, आणि मग दोघांनी धरून एक काचेची फ्रेम आणली. आत मखमलीवर माझा पेनड्राइव्ह होता. चारही बाजूंनी पक्का बंद.

"हा आता वाचनालयात कायमचा राहील," धनेश म्हणाला. टाळ्यांनी हॉल दणाणला.

आक्काच्या ओव्या काचेत गेल्या होत्या. माझी कासारवाडीची योजना तिथेच संपली. तरीही मी गप्पच बसलो असतो, मी स्वतःला ओळखतो. पण उत्कर्षा माइकपाशी आली. डोळे लाल, हातात कागदांची चळत.

"काका," ती म्हणाली, "मी आठ दिवस बसले. चांदण्याची रचना मला उलगडली नाही. तुमच्या आक्कांना मंगळवारी ओव्या हव्या होत्या ना? मला नाही जमलं. मला माफ करा."

ती माझी माफी मागत होती. माझ्या खोटेपणाच्या कुलपाला ती आठ दिवस किल्ली शोधत बसली होती.

मी उठलो. शाल घसरली, नारळ कोणाच्या तरी पायावर पडला. माइक हातात घेतला. "चांदणं नावाचं काही नाही," मी म्हणालो. "मी ते बनवलं नाही. कोणीच बनवलं नाही. ओव्या एका बंदिस्त सॉफ्टवेअरमध्ये आहेत."

हॉलमध्ये पंखे ऐकू येऊ लागले.

"कुठल्या?" धनेशने विचारलं. त्याचा आवाज अगदी लहान झाला होता.

मी तोंड उघडलं. नाव येईना. तीनदा प्रयत्न केला. नियम तिसरा, ठळक अक्षरांत.

तेव्हा पहिल्या रांगेतून कौशल्या म्हणाली, "अहो, घ्या की नाव. आपल्या लग्नात मी भरल्या मांडवात तुमचं घेतलं होतं. मला काय कमी लाज वाटत होती?"

मागून कोणीतरी बाई म्हणाल्या, "उखाण्यात घ्या, उखाण्यात." मला वाटतं त्या गमतीने म्हणाल्या. पण मी बुडत होतो, आणि हाताला तेच लागलं. मी डोळे मिटले आणि म्हणालो,

"आक्काच्या ओव्यांना कुलूप लागलं, किल्ली गेली हरवून,
अमुकतमुकचं नाव घेतो, मंडळींची माफी मागून."

अमुकतमुकच्या जागी खरं नाव होतं. इथे ते घेत नाही, सवय.

मग हॉल हसू लागला. असा हसला की ड्रोनवाल्याने घाबरून ड्रोन खाली उतरवला. प्राध्यापक हसता हसता खोकू लागले. फक्त उत्कर्षा हसत नव्हती.

"पण काका," ती म्हणाली, "हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?"

"तिसरा नियम."

"तिसऱ्या नियमातच तर लिहिलंय. अडकलेल्यानं नाव बिनदिक्कत सांगावं."

"नाही. नावं घेत बसू नये, असं आहे. माझ्या कपाटावर आहे."

"ते पहिलं वाक्य. उरलेला नियम मागच्या पानावर आहे."

धनेश डोक्याला हात लावून बसला होता. "काका," तो म्हणाला, "त्या सॉफ्टवेअरमधून मराठी सोडवायचं मुक्त साधन आहे आमच्याकडे. मंडळी सुरू झाली तीच त्यासाठी. माझ्या वडिलांची पत्रं त्यात अडकली होती. तुम्ही चांदणं म्हणालात, म्हणून ते लावून पाहिलंच नाही."

"किती वेळ लागतो?"

"उत्कर्षा?"

उत्कर्षाने परवानगीवाचून स्वतःकडे प्रत ठेवली नव्हती, म्हणून फ्रेम उघडणं आलं. त्याला पाऊण तास लागला. त्यांनी ती फारच मन लावून बंद केली होती. शेवटी लक्ष्मणरावाने काच फोडली. उत्कर्षाने पेनड्राइव्ह लावला आणि चहा येण्याच्या आत मुंग्या हलल्या, विळे वळले, टोप्या उतरल्या आणि पहिल्या ओळीला आक्काचा आवाज आला. मला तरी ऐकू आला. उत्कर्षाने मान वळवून विचारलं, "काका, रडताय?" मी म्हणालो, पंख्याचा वारा लागतोय.

सोमवारी तिने पानं लावली, मंगळवारी दुपारी पुस्तक झालं. छापून दिलं पिंटूशेठनी, आणि धनेशने त्यांना मंडळीचे नियम दिले. पिंटूशेठ म्हणाले, वाचतो, पण आधी एका आप्पांचा वाढदिवस उरकू द्या.

मंगळवारी संध्याकाळी मोशीच्या गच्चीवर आक्काला चौरंगावर बसवलं. टॉवरच्या आडून चंद्र आला तो पिठासारखा पांढरा. पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं. तिला आता वाचता येत नाही, म्हणून उत्कर्षाने वाचलं. तिला मी आग्रहाने बोलावलं होतं, तोंडाने, फोनवर. मलाच नवल वाटतं.

"चांदणं सांडलं इंद्रायणीच्या पाण्यावरी,
बंधू माझा शिकतो दिव्याच्या वातीवरी."

आक्का ऐकत होती. लांब, नदीकडे बघत. मला वाटलं आता विचारेल, जेवलास का.

"वव्या कुनाच्या ह्या?" तिने विचारलं.

"तुझ्याच, आक्का."

"चांगल्या हायत." मग कपाळाला आठी पडली. ओठ हलले. हाताची मूठ मांडीवर वळली आणि हळूहळू गोल फिरू लागली, जात्याचा खुंटा धरल्यासारखी. "पन हितं चुकलंय."

"कुठे?"

"पान्यावरी न्हाई. वाळूवरी. पान्यावर सांडलेलं वाहून जातं रं चिमा. वाळूवरचं ऱ्हातं."

खरं सांगायचं तर वाळू काढून पाणी मीच घातलं होतं, टाइप करताना. तेव्हा मला वाटायचं, मला कविता कळते.

उत्कर्षाने लॅपटॉप उघडून माझ्यापुढे सरकवला. "करा दुरुस्त. आता करता येतं."

मी एक शब्द खोडला आणि आक्काचा शब्द तिथे ठेवला. अकराशे एकोणचाळीस उरल्या आहेत. दर गुरुवारी मी मोशीला जातो आणि आक्का एकेक तपासून देते. काही तिला आठवतात, काही ती नव्याच करते. पुढच्या आवृत्तीत कुठली कुठली ते मला सांगता येणार नाही.

रहाटणीच्या चौकातला फ्लेक्स अजून तिथेच आहे. तो काढायचा असेल तर कोणाला विचारायचं ते मला माहीत नाही, म्हणून मी पलीकडच्या गल्लीतून जातो.

बुधवारी मी कपाटाच्या दारावरचा कागद वाफेने सोडवला. झेरॉक्सवाल्याने पाठपोट छापला होता. मागची बाजू डिंकात निम्मी गेली होती, तरी उत्कर्षा म्हणाली ते वाक्य तिथे होतं. सगळ्यात खाली शेवटचा नियमही वाचता आला. "काहीही विचारायला लाजू नये. इथे कोणी कोणाला हसत नाही."

हा दुसरा भाग तितकासा खरा नाही. ते अजून हसतात.